बाबांच्या रायफलीला दुर्बीण

पेतायावारा,
जुलैची अखेर

प्रिय ओइवा,

बाबांची रायफल विकून टाक, असं तू ईस्टरला फोनवर म्हणालास आणि मी ‘बघते’ म्हणाले. तर बघितलं. विकलेली नाही. उलट तिच्यावर नवी दुर्बीण बसवली आहे. हे वाचून तू तोंड वाकडं करशील, पत्र टेबलावर टाकशील आणि बाल्कनीत जाऊन सिगारेट ओढशील. ते सगळं उरकून ये आणि मग पुढचं वाच. मला घाई नाही. गवत कापून सुकायला टाकलंय, बाहेर डास बसू देत नाहीत, तेव्हा आजची दुपार मी स्वयंपाकघरात बसून तुलाच लिहिणार आहे.

आधी गावाची खबर. शिकारीच्या संघात आता आम्ही आठच जण उरलोत, त्यातल्या दोघांचे गुडघे गेलेत आणि एकाला ऐकू येत नाही. बाकीच्या जागांवर कोणी ना कोणी उभं असतं, पण दलदलीच्या टोकाची, दोन टेकड्यांमधली तुझी जागा दोन हंगाम रिकामी आहे. तसं कोणी ठरवलेलं नाही. सकाळी जागा वाटून घेताना त्या जागेचं नाव कोणी काढत नाही, इतकंच. मूस हरणांना ही आपली सभ्यता कळत नाही. कुत्रा भुंकायला लागला की ती सरळ तुझ्या जागेतून पलीकडे निघून जातात आणि आर्मासच्या पाइनच्या रोपांचे शेंडे खात बसतात. आपल्या वाट्याची निम्मी शिकारसुद्धा होत नाही. आर्मासचं जंगल म्हणजे आपल्या शिकारीचं निम्मं रान, हे तुला सांगायला नको. त्याचा करार या हिवाळ्यात संपतोय, आणि तो शेजारच्या मोठ्या संघाला रान द्यायला निघाला होता. तिकडे माणसं आहेत, गाड्या आहेत, त्यांच्याकडे कोणतीच जागा रिकामी राहत नाही. बाबांनी युद्धावरून परत आल्यावर शेजाऱ्यांना जमवून जो संघ उभा केला, तो असा रोपांच्या शेंड्यांपायी मोडायचा होता. गेल्या आठवड्यात जमीनमालकांची बैठक झाली आणि त्यांनी आपल्याला एक हंगाम दिलाय. एका अटीवर दिलाय. ती अट मी शेवटी सांगणार आहे, कारण आत्ता सांगितली तर तू पत्र इथंच सोडशील. लहानपणी औषध बघितलं की तू पलंगाखाली जायचास, ते मी विसरलेले नाही.

आता दुर्बिणीचं. तू औलूला गेलास तेव्हा रायफलीवर ती तुझी जाडजूड दुर्बीण होती, मोठ्या ताकदीची, डाव्या अंगाला लोखंडी पट्टी ठोकून उंचावर बसवलेली. मी पहिलं काम केलं ते म्हणजे ती काढली. काढताना मला बरं वाटलं हे खोटं कशाला सांगू? पट्टीच्या स्क्रूंची तीन भोकं तेवढी राहिली. उघडी रायफल हातात घेतली तर ती पुन्हा बाबांची दिसायला लागली. पण नळीच्या टोकावरच्या माशीवरून नेम धरून बघितला आणि कळलं की या वयात ते जमणार नाही. मागची खाच धूसर, पुढची माशी धूसर, आणि लक्ष्य तर कुठल्या कुठे. तुझे डोळे माझ्याहून दोनच वर्षांनी तरुण आहेत, तेव्हा हसू नकोस.

म्हणून कायानीला गेले. बसस्टँडसमोरच्या बंदुकांच्या मोठ्या दुकानात एक गोरागोमटा तरुण होता, दाढी इतकी कोरलेली की मला वाटलं रंगवलीय. मी रायफलीचं नाव सांगितलं तर तो म्हणाला, ‘बाई, ती संग्रहालयात द्या. तिच्यावर दुर्बीण बसवण्यापेक्षा नवी रायफल परवडेल.’ मी म्हटलं, ‘मला रायफल नको, दुर्बीण हवीय. उद्या तुझी आजी चष्मा मागायला आली तर तिला नवी आजी दाखवशील का?’ मग तो जरा सरळ झाला आणि त्यानं एकाहून एक भारी दुर्बिणी काचेवर मांडल्या. तिच्यातून चंद्रावरचे खड्डे दिसतात, हिच्यातून अंधारातही दिसतं. मी विचारलं की चंद्रावर मूस आहेत का. तो हसला नाही. पण भला होता, त्यानं मला दोन दुर्बिणी आठवडाभर वापरून बघायला दिल्या. तारण म्हणून माझं ओळखपत्र ठेवून घेतलं.

तिथून कालेर्वोकडे. तो अजूनही सॉनाच्या कपडे बदलायच्या खोलीत बंदुका दुरुस्त करतो आणि अजूनही सगळ्यांशी भांडतो. रायफल बघून म्हणाला, ‘ही लष्करी चीज आहे, राउहा. बोल्टची दांडी सरळ उभी राहते. दुर्बीण मधोमध बसवली की दांडी वर येताना तिच्यावर आपटणार. म्हणून दांडी तापवून वाकवायची, वरून आणखी दोन भोकं पाडायची, दस्त्याला गालाखाली लाकडाचा तुकडा चिकटवायचा. महिन्याचं काम.’ मी म्हटलं, भोकं पुरे झाली. तो म्हणाला, ‘मग भिंतीवर टांग.’ आमचं असं बराच वेळ चाललं, मध्ये त्याच्या बायकोनं कॉफी आणि पुल्ला, आपला गोड पाव, आणून ठेवला, तो खातानाही चाललं. शेवटी त्यानं वैतागून खण उघडला आणि अंगठ्याएवढ्या जाडीची एक छोटी दुर्बीण माझ्यापुढे टाकली. डोळ्यापासून हातभर लांब धरली तरी तिच्यात चित्र पूर्ण दिसतं, आणि ताकद जेमतेम दुप्पट. ती नळीवर पुढे बसते, जिथं मागची खाच असते तिथं. खाचेची पिन काढायची आणि त्याच जागी तिची बैठक अडकवायची, एकही भोक लागत नाही, बोल्टला अडथळा होत नाही. ‘पण हे खेळणं आहे,’ कालेर्वो म्हणाला, ‘ज्याला विकली त्यानं परत आणून दिली. म्हणाला, यातून काही मोठंच दिसत नाही.’ तीही मी पिशवीत टाकली.

आता माझ्याकडे तीन दुर्बिणी झाल्या आणि कोणती चांगली हे कोणाला विचारावं तर प्रत्येकाचं मत वेगळं. तेव्हा मी ठरवलं की जिथं तिचं काम आहे तिथंच जाऊन बघायचं. तुझ्या जागेवर. दोन वर्षांनी पहिल्यांदा तिथं गेले. उभं राहायचा तुझा ओंडका आहे तसाच आहे, भोवती ब्लूबेरी वाढलीय. रायफल घरी कपाटात होती, काळजी करू नकोस. नुसत्या दुर्बिणी एका फळीला बांधून नेल्या होत्या. आणि मोकळ्या जागेतून चालायला काहीतरी हवं, म्हणून शेजारच्या सिल्वीला म्हटलं तुझी गाय आण. तुला तिची ती तांबडी गाय माहीत नाही, तू गेल्यावर घेतलेली. यंदा तिला वासरू झालंय. सिल्वी आधी ऐकेचना. ‘अगं, माझी गाय आहे, मूस नाही. दलदलीच्या काठानं चालवून दूध आटलं तर तू देणार आहेस का?’ मी दोन वर्षांचा जॅम कबूल केला तेव्हा निघाली. डोक्याला लाल रुमाल, हातात दोरी, तोंडानं माझा उद्धार चालू, असा तो मोर्चा फरच्या झाडांतून निघाला.

मोठी दुर्बीण लावली. दिसलं काय, तर तांबडे केस. नुसते केस. पाठ की पोट कळेना. फळी हलवून हलवून शोधलं तेव्हा एक कान सापडला, तोही लगेच निसटला. मधली लावली. तिच्यात अख्खी गाय मावली, छान, स्वच्छ, पापणीसुद्धा दिसली. मी एक डोळा मिटून तिच्याकडे बघत राहिले आणि मनात म्हटलं हीच घ्यावी. मग सिल्वीला ओरडून विचारलं, वासरू कुठंय? ती म्हणाली, ‘डोळे फुटले का तुझे? तिच्या मागेच तर उभंय.’ फळी खाली करून पाहिलं तर खरंच, दोन पावलांवर, फरच्या फांदीखाली. मग मी त्यांना परत पाठवलं आणि पुन्हा चालवलं, यावेळी कालेर्वोचं खेळणं लावून. ते डोळ्यापासून इतकं लांब असतं की दुसरा डोळा मिटावाच लागत नाही. दोन्ही डोळे उघडे. काचेत गाय होती, लहानशी, पण खांदा कुठे ते कळण्याइतकी. आणि काचेबाहेर, तिच्या मागून, फांद्या बाजूला सारत वासरू येताना मला दिसलं. त्याच्या मागे लाल रुमालही दिसला.

ओइवा, मी फळी ओंडक्यावर ठेवली आणि रडले. सिल्वी गाय सोडून धावत आली, तिला वाटलं मला काही चावलं. त्या नोव्हेंबरमध्ये तुला काय दिसलं होतं आणि काय दिसलं नव्हतं, ते मला दोन वर्षांनी त्या गायीच्या वासरामुळे कळलं. काचेत मादी उभी, स्वच्छ, पापणीसकट. तू नीट नेम धरलास, नीट गोळी झाडलीस, ती जागेवर कोसळली. आणि मग तिच्या मागून पाडस बाहेर आलं. ज्या मादीमागे पाडस असतं तिला हात लावायचा नाही, आधी पाडस, मग आई, हे बाबांनी आपल्याला बूट बांधायला शिकवायच्या आधी शिकवलं. ते तू विसरला असशील असं मला एक दिवसही वाटलं नाही. पण तुला ते दिसलं कसं नाही, हे मी दोन वर्षं मनात घोळवत होते, आणि कधीतरी तुझ्यावर चिडतही होते. आता चिडत नाही. याचा अर्थ तुझी चूक नव्हती असा नाही. ती दुर्बीण तू निवडली होतीस, आणि उजेड गेल्यावरही तू नेम धरलास. चूक तुझीच. फक्त मला ती आता समजली आहे.

त्या दिवसाचं मी तुझ्याशी कधी बोलले नाही, आज सगळं बोलते. सिल्वीच्या स्वयंपाकघरातून पोलिसांना फोन तूच केलास, कोणी सांगायच्या आधी. दंड भरलास, मांस सरकारजमा झालं, तेही निमूटपणे. गावात याबद्दल कोणी तुला वाईट म्हटलेलं नाही, आर्माससुद्धा नाही. पण फोन करून तू घरी गेलास आणि दिवा न लावता बसून राहिलास. पाडस तिथंच होतं. ते आईजवळून हलत नव्हतं. आपल्याकडे पाडसाचा एक परवाना शिल्लक होता. मी गेले आणि ते काम केलं, माझ्या रायफलीनं, अगदी जवळून. ते तुझं काम होतं. तू घरातून हलला नाहीस म्हणून मी ते केलं आणि पुन्हा करावं लागलं तरी करीन, पण ते तुझं होतं हे तुला माहीत असायला हवं. मग संघाचं जेवण आलं, जमीनमालकांना आपण मुसाचं सूप वाढतो ते, आणि तू त्याच्या आदल्या दिवशी तुझ्या लेकीकडे औलूला निघून गेलास. गोळीबद्दल कोणी रागावलं नव्हतं. वाढायला तू नव्हतास याचा राग आला. मलाही आला. म्हाताऱ्या बायका भांड्यापाशी विचारत होत्या, ‘ओइवा कुठंय?’ आणि मी सांगत होते की त्याला सर्दी झालीय.

असो. दुर्बीण ठरली. दुकानातल्या दोन्ही परत केल्या. त्या तरुणाला कोणती घेतली ते सांगितलं तर त्यानं कपाळाला हात लावला. ‘बाई, तिच्यातून संध्याकाळी काहीच दिसत नाही. सूर्य पाठीशी असला तर काच चमकते. तो तिचा मोठा दोष आहे.’ मी म्हटलं, संध्याकाळी दिसू नये म्हणूनच घेतली. कालेर्वोनं मात्र बैठक मन लावून बसवली, तुझी तीन भोकं छोट्या स्क्रूंनी बुजवून टाकली, आणि पुढे चार लोकांत सांगितलं की ही कल्पना मूळ त्याचीच. सांगू दे. आता दुर्बीण इतकी खाली आहे की गाल दस्त्यावर टेकतो, जसा बाबांचा टेकायचा. आणि झटका बसला तरी भुवईला लागत नाही. तुझ्या उजव्या भुवईवर जुन्या दुर्बिणीनं उमटवलेला तो जो चंद्रकोरीचा व्रण आहे ना, तसा आता दुसरा उमटणार नाही. वाळूच्या खाणीत जाऊन मी ती जुळवून घेतली. शेवटच्या गोळ्या एका कॉफीच्या बशीखाली झाकल्या जातील अशा बसल्या. किती जणांनी विचारलं की कोणासाठी चाललंय हे. मी सांगितलं, रायफलीसाठी.

आता अट. बैठकीत आर्मास उठला आणि म्हणाला, ‘राउहा, मला तुझ्या बाबांचा मान आहे, पण माझी रोपं काही त्यांना ओळखत नाहीत. दलदलीच्या टोकाला शिकारीच्या प्रत्येक दिवशी माणूस हवा. आठातला एक तिकडे सरकवलात तर दुसरीकडे भगदाड पडेल. नवा माणूस दाखव. नसेल तर करार संपला.’ सगळे माझ्याकडे बघायला लागले. तो बहिरा सुलोसुद्धा. मी उभी राहिले आणि म्हटलं की माणूस आहे. आर्मासनं विचारलं, कोण? मी तुझं नाव घेतलं. मला वाटलं कोणीतरी आता त्या नोव्हेंबरचं काढणार. मग आर्मास म्हणाला, ‘तो येणार असेल तर माझी हरकत नाही. पण येणार आहे का?’ मी म्हटलं, येणार आहे. तुला न विचारता म्हटलं. शब्द देऊन बसले आहे, आणि हे पत्र त्यासाठी आहे.

तू म्हणशील, ‘माझ्या हातून पुन्हा तसंच झालं तर?’ माहीत आहे, दोन वर्षं तू तेवढंच म्हणतोयस, फोनवर हवामानाबद्दल बोलतानाही तेच म्हणत असतोस. म्हणून स्पष्ट सांगते. त्या जागेवर मला गोळी झाडणारा माणूस नकोच आहे. तो मला शेजारच्या संघातून कधीही मिळेल. मला तिथं थांबणारा माणूस हवाय. समोर मादी आली की दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्या मागे कोण येतंय ते बघत राहणारा. उजेड गेला की रायफल खाली करणारा. तू तिथं उभा आहेस एवढ्यानंच मूस वळतील आणि आमच्याकडे येतील, आर्मासची रोपं वाचतील. सगळा हंगाम तू एकही गोळी झाडली नाहीस तरी मला चालेल, संघालाही चालेल, मी त्यांना विचारलंय. आमच्या आठ जणांत थांबायचं म्हणजे काय हे कोणालाच तुझ्याइतकं माहीत नाही, कारण न थांबल्याची किंमत तूच मोजली आहेस. तुझ्या नेमबाजीच्या परीक्षेची मुदत संपलीय. पुढची परीक्षा ऑगस्टच्या दुसऱ्या रविवारी वाळूच्या खाणीत आहे, नाव मी घातलंय, रायफलीचा परवाना तुझ्या नावावर आहे तसाच आहे. शनिवारच्या बसनं ये. मी चौकात गाडी घेऊन उभी असेन, आणि तू उतरला नाहीस तर त्याच बसमध्ये चढून औलूला येईन.

तुझी बहीण,
राउहा